क्राइस्ट्स हॉस्पिटलचा निळा डगला: समतेचा गणवेश की दानाची खूण?

कोरा कागद:
क्राइस्ट्स हॉस्पिटल हे नाव रुग्णालयाचे वाटत असले तरी ही इंग्लंडमधील जुनी निवासी शाळा आहे. सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत, १५५२ मध्ये, लंडनच्या न्यूगेट स्ट्रीटवरील एका बंद पडलेल्या मठात निराधार मुलांसाठी ती सुरू झाली आणि १९०२ मध्ये ससेक्समधील हॉर्शमला गेली. तिथे दुपारी बँडच्या तालावर जेवायला निघालेल्या मुलांचे संचलन मी पाहिले आहे. गळ्याशी पांढऱ्या पट्ट्या, कमरेला चामडी पट्टा, घोट्यापर्यंतचा गडद निळा डगला, आणि वाऱ्याने डगल्याचा घेर उडाला की खाली दिसणारे पिवळेधमक मोजे. हा पोशाख शाळा प्रत्येकाला विनामूल्य देते. फी पालकांच्या उत्पन्नानुसार ठरते, पण त्या रांगेत कोणाची फी माफ आहे आणि कोण पूर्ण भरतो, हे मला ओळखता आले नाही. म्हणून तो पोशाख टिकलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

दौत:
आपण वर्णन केलेले दृश्य देखणे आहे, परंतु हा पोशाख समतेसाठी जन्माला आला असे मानणे मला पटत नाही. जॉन स्टो या जुन्या इतिहासकाराने नोंदवले आहे, की १५५२ च्या नाताळात लंडनचा महापौर सेंट पॉल्स या मुख्य चर्चकडे जात असताना या शाळेची ३४० मुले तांबूस रंगाच्या एकसारख्या कपड्यांत वाटेवर उभी केली होती, आणि पुढच्या ईस्टरला तीच निळ्या कपड्यांत दिसली. नगराने दिलेला पैसा कुठे गेला, हे नगराला दिसावे यासाठीची ती रांग होती. पुढे लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या, दिवसांत मुलांचे रात्रीचे जेवण पाहायला बाहेरची मंडळी येऊन बसत असत. आपण ताटावर बसलो आहोत आणि परके लोक आपला घास पाहत आहेत, ही कल्पनाच मला अस्वस्थ करते. ज्या परंपरेत दात्याची नजर इतकी मुरलेली आहे, तिला समता म्हणण्यापूर्वी थांबून विचार करावा.

वाटसरू:
दौत यांनी मांडलेला इतिहास खरा असला तरी तो अर्धाच आहे. १६७३ मध्ये दुसऱ्या चार्ल्सच्या सनदेने याच शाळेत ४० मुलांसाठी गणिताची शाळा निघाली, जिच्या कारभारात रोजनिशीकार आणि नौदलाचा अधिकारी सॅम्युअल पेपिस याने मनापासून लक्ष घातले. तिथे नौकानयनाला लागणारे गणित शिकवत आणि मुले थेट जहाजांवर उमेदवारीला जात. गरिबाच्या मुलाला त्या काळी असे शिक्षण दुसरीकडे कुठे मिळाले असते? कवी कोलरिजचेच पाहा: पाद्री असलेले वडील १७८१ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी हा मुलगा या शाळेत आला. नजर दात्याची होती हे मान्य, पण हाती पडलेले ग्रीक, लॅटिन आणि गणित मुलाचेच राहिले.

कोरा कागद:
लेंटच्या जेवणांविषयी दौत यांचे म्हणणे मी स्वीकारतो; ती प्रथा गेली हे उत्तमच झाले. तरीही एखाद्या वस्तूचा आजचा अर्थ तिच्या उगमावरूनच ठरवावा का, हा माझा प्रश्न आहे. काही वर्षांपूर्वी शाळेने पोशाखाबद्दल विद्यार्थ्यांचाच कौल घेतला, तेव्हा बहुतेक सर्वांनी तो ठेवावा असे सांगितले. जे अंगावर घालतात त्यांच्या मताला आपल्या मतापेक्षा जास्त वजन द्यायला हवे.

दौत:
त्या कौलाचा मी आदर करतो, पण जे आत आले त्यांनीच तो दिला आहे. दाराबाहेर राहिलेल्यांना कोणी विचारलेले नाही. माझ्या दृष्टीने या शाळेची सर्वांत मोलाची परंपरा निराळीच आहे. शाळा सोडताना प्रत्येकाला बायबल देतात आणि बजावतात, की इथे जे मिळाले ते विसरू नका आणि पुढे ऐपतीप्रमाणे इतरांनाही ते मिळेल असे करा. डगला खुशाल ठेवावा, परंतु पूर्ण फी भरणारी मुलेही आता तोच डगला घालत असल्यामुळे, यंदा किती मुलांना एकही पौंड न भरता प्रवेश मिळाला, हा आकडा माहितीपत्रकात डगल्याच्या छायाचित्राशेजारी, तेवढ्याच ठळकपणे छापावा, एवढी माझी मागणी आहे.

वाटसरू:
या मागणीला माझा पाठिंबा आहे.