आधी तर्कशास्त्र की थेट प्रोलॉग?

प्रश्न असा आहे, प्रोलॉग (तथ्यं आणि नियम देऊन प्रश्न विचारायची, तर्कावर चालणारी प्रोग्रॅमिंग भाषा) शिकण्याआधी तर्कशास्त्र पक्कं हवं का? माझं मत, दोन्ही सोबतच करा. मी मध्य रेल्वेच्या स्टेशनांचं उदाहरण घेऊन शिकलो. पुढचं(दादर, माटुंगा), पुढचं(माटुंगा, शीव), पुढचं(शीव, कुर्ला) ही झाली तथ्यं. नियम असा: अ-चं पुढचं स्टेशन ब असेल, किंवा अ-चं पुढचं क असून क-हून ब-ला पोचता येत असेल, तर अ-हून ब-ला पोचता येतं. याच नियमांनी ‘दादरहून कुठे?’ विचारा नाहीतर ‘कुर्ल्याला कुठून?’, दोन्हींची उत्तरं मिळतात! पण नियमाच्या ‘किंवा’नंतरच्या भागात ‘पोचता येतं’ ही अट ‘पुढचं’च्या आधी लिहिलीत की प्रोग्रॅम स्वतःलाच तोच प्रश्न विचारत राहतो, शेवटी स्टॅक (अर्धवट कामं लक्षात ठेवायची मेमरी) भरतो. तर्काच्या दृष्टीने ‘आणि’ने जोडलेल्या अटींचा क्रम बदलून काहीच बिघडत नाही, प्रोलॉग मात्र डावीकडून उजवीकडेच जातं. हा फरक कळला की तर्कशास्त्रज्ञ रॉबिन्सनचं 1965 चं रेझोल्यूशन (दोन विधानांतून नवं विधान काढायची पद्धत, प्रोलॉगचा पाया) वाचायला घ्या. त्यातलं युनिफिकेशन (चलांना किमती देऊन दोन पदं सारखी करणं) मात्र कागदावर हातानेच सोडवा, प्लीज.