अनुभव धागा : गाडीच्या रंगावरचे न जाणारे डाग

पावसाळाभर झाडाखाली नाहीतर गोठ्याशेजारी उभी राहिलेली गाडी दिवाळीला बाहेर काढली की बॉनेटकडं बघवत नाही. पॉलिशवाल्याकडं सगळ्यावर एकच औषध, रबिंग. माझं मत असं की डाग रंगावर बसलाय, रंगात उतरलाय की रंगच गेलाय, हे कळल्याशिवाय घासायला घेऊ नये. तुमच्या गाडीवर काय होतं, कसं ओळखलं, कशानं गेलं? न गेलेले डागही लिहा.

उद्यमबाग, बेळगाव
फौंड्रीत नोकरी, गाडी पांढरी. दारांवर नारिंगी ठिपके आले तसे सगळे म्हणाले, पत्रा गंजला. गाडी धुऊन हाताला प्लास्टिकची पातळ पिशवी घातली आणि बॉनेटवरनं फिरवली. नुसत्या बोटांना गुळगुळीत वाटलेला भाग पिशवीतनं खरखरीत लागला. ग्राइंडिंगची लोखंडी धूळ उडून रंगात रुतते आणि तीच गंजते. पत्रा शाबूत असतो. सावलीत, पत्रा गार असताना आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारा फवारा) मारला. ठिपके जांभळे होऊन ओघळले. वाळू न देता धुतलं. उरलेले कण क्ले बारनं (रंगात रुतलेले कण ओढून काढणारी मऊ, मातीसारखी वडी) काढले, साबणपाणी सढळ वापरून. क्ले खाली पडला तर सरळ टाकून द्या; त्यात अडकलेला एक खडा अख्ख्या दारावर रेघा ओढतो.

लोंढा
रेल्वेलाईनशेजारी लावलेल्या गाड्यांवरही हेच ठिपके. ब्रेकची आणि रुळांची धूळ.

खानापूर
आमच्यात फणसाचा चीक. हाताला लावतो तेच खोबरेल तेल चिकावर लावून ठेवलं, मऊ झाल्यावर फडक्यानं उचललं, मग शॅम्पू. पक्ष्यांच्या विष्ठेनं मात्र खड्डे पाडले होते. धुतल्यावर बॅटरीचा उजेड तिरका पाडला की मंद वळं दिसतात. ते रंग खाल्ल्याचं लक्षण. बारीक कंपाउंडनं (घासायच्या पेस्टनं) फिके झाले, पूर्ण नाही गेले. तिथंच थांबलो. वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण 40-50 मायक्रॉनचा, केसाहून पातळ. प्रत्येक रबिंगला तो झिजतो.

अथणी
बोअरचं पाणी आणि ऊन! थेंब वाळले की क्षाराची पांढरी वर्तुळं. व्हिनेगरात तेवढंच पाणी घालून ओलं फडकं दोन-चार मिनिटं ठेवायचं, मग भरपूर पाणी. वर्तुळ गेलं तर नुसता क्षार होता. गोल खूण राहिली तर खानापूरकरांसारखी गत.

निपाणी
डांबर : फडक्यावर थोडं रॉकेल, लगेच साबण. रॉकेल मिळेना झालंय, टर्पेंटाइनही चालतं. आधी कोपऱ्यात लावून बघा.

चिकोडी
घरची जुनी लाल गाडी उन्हानं गुलाबी झालेली. पॉलिश करताना फडकं लाल झालं आणि पेंटर म्हणाला, "घाबरू नका ओ, हिच्यावर लॅकर नाही." जुन्या साध्या रंगाच्या बऱ्याच गाड्यांना क्लिअर कोट नसायचा, त्यामुळं वरचा मेलेला थर निघाला की खालचा लाल दिसतो. आता अशी चमकते की शेजारी विचारतात, नवीन रंग मारला काय? पण मेण लावत राहायला लागतंय.

हल्याळ
माझ्या टपावर पांढरे चट्टे, कडा नखाला लागतात, साल निघाल्यासारख्या. एकानं पॉलिशचे पैसे घेतले, चट्टे तसेच. क्लिअर कोट सुटलाय, आता घासून काही येत नाही. टप रंगवायलाच टाकलाय.

संकेश्वर
टूथपेस्टचं कुणी लिहिलं नाही?

उद्यमबाग, बेळगाव
तेही बारीक कंपाउंडच की. हलक्या चरोट्यावर चालतं. नख अडकेल अशा चरोट्यावर काय उपयोग नाही.

संकेश्वर
बरं. मग हंगामात साखर कारखान्याची काजळी पडते तिचं काय?

चिकोडी
कोरड्या फडक्यानं झटकू नका, त्यानंच चरे पडतात. आधी नुसता पाण्याचा फवारा, ती वाहून जाऊ दे. शॅम्पू नंतर.