‘कंडिसेन्शन’ला मराठीत काय म्हणावं?

शेवंती: जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधली (१८१३) काही प्रकरणं मराठीत आणतेय. चौदाव्या प्रकरणात पाद्री कॉलिन्स त्याच्या आश्रयदात्या लेडी कॅथरिनचं कौतुक करताना ‘ॲफेबिलिटी’ आणि ‘कंडिसेन्शन’ असे दोन शब्द जोडीनं वापरतो. पहिल्याला ‘मनमिळाऊपणा’ केलं. दुसऱ्याला मैत्रीण ‘तुच्छता’ सुचवते. पण तो तर बाईंची मनापासून स्तुती करतोय!

गोदाकाठ: तुच्छता साफ चूक, ताई. तो आजचा अर्थ. जॉन्सनच्या १७५५च्या इंग्रजी कोशात अर्थ आहे आपणहून घेतलेला कमीपणा, मोठेपणाच्या पायरीवरून खाली उतरणं. मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्ये आठव्या सर्गाच्या शेवटी ॲडम राफाएलला निरोप देतो, तिथे ‘ॲफेबल’ आणि ‘कंडिसेन्शन’ शेजारी शेजारी आहेत. स्वर्गीचा दूत माणसाजवळ बसला, त्याच्या शंका फेडल्या, त्याबद्दलची कृतज्ञता आहे ती. आणि कॉलिन्स तेच शब्द कुणाला लावतो? त्याच्या घरातल्या कपाटात फळ्या बसवा म्हणून सुचवणाऱ्या बाईला! ऑस्टिनची सगळी ताकद मला त्या अंतरात दिसते.

वऱ्हाडी: मग ‘निगर्वीपणा’ घ्या. आमच्याकडे सर्रास म्हणतात, एवढे मोठे वकील, पण किती निगर्वी!

शेवंती: निगर्वी माणूस मुळात वर चढलेलाच नसतो, तो उतरणार कुठून? बाई उतरतात आणि उतरल्याचं सगळ्यांना दिसावं हीही काळजी घेतात.

कोशकीट: ‘मेहेरबानी’.

संस्कृतप्रेमी: पुन्हा फारसी! ‘अनुग्रह’ असताना उसनवारी कशाला?

कोशकीट: अनुग्रह गुरूचा, काका. कॉलिन्सच्या बोलण्याला दरबारी वास हवा, तो मेहेरबानीत आहे. कोर्टाच्या अर्जात आजही ‘मे. कोर्ट’ लिहितात, तो ‘मे.’ मेहेरबानचाच.

संस्कृतप्रेमी: वास असला तरी शब्द परकाच. मुळाकडे जा. ‘कंडिसेन्शन’च्या मुळाशी असलेला लॅटिन ‘स्कान्देरे’ (चढणं) आणि आपला ‘स्कन्द्’ धातू सख्खे आहेत. आणि खाली उतरण्याला आपल्याकडे ‘अवतार’ आहेच, अव अधिक तॄ. विठोबा जनाबाईच्या जात्याला हात लावतो, मिल्टनच्या अर्थाचं कंडिसेन्शन याहून वेगळं काय?

गोदाकाठ: विठोबाला यात ओढू नका. जनी त्याला अरेतुरे करते, रागावते, ‘विठ्या’ म्हणते. ॲडमची राफाएलसमोर अशी छाती होईल का? उपकाराची जाणीव आली की पायरी आली. दळणाच्या वेळी पायरी कुठे उरते?

वऱ्हाडी: अगदी बरोबर. आमची आजी पहाटे ओव्या म्हणायची, त्यात देव घरचाच असायचा.

शेवंती: ‘मनमिळाऊपणा आणि मेहेरबानी’ अशी जोडी वाचायला कशी वाटते? मला दुसऱ्या शब्दात थोडा उपकाराचा भार जास्त वाटतोय.

संस्कृतप्रेमी: गोदाकाठ, एकेरी हाक म्हणजे पायरी नाही, हे मान्य नाही. मोठा खाली उतरला म्हणूनच लहानाला एकेरीत बोलता आलं. उतरणं आधी, सलगी नंतर.

गोदाकाठ: उलट आहे. जनीनं हाक मारली म्हणून तो आला.