परफेक्शनिझमला मराठीत काय म्हणाल?

पाटीपेन्सिल
कॉलेजच्या समुपदेशन कक्षासाठी एक पत्रक मराठीत करते आहे. विषय : कायम वरच्या नंबरात असणाऱ्या मुलामुलींना पोखरणारी चिंता आणि तिच्यावरचे उपचार. गाडी दोन शब्दांवर अडली आहे. परफेक्शनिझमला कोशात 'परिपूर्णतावाद' सापडतो, पण तो वाचून अकरावीतली मुलगी पत्रक दुमडून ठेवील. आणि अँग्झायटी म्हणजे चिंता की काळजी?

शुद्धलेखनी
'परिपूर्णतावाद' नकोच. 'वाद' लागला की ती विचारसरणी होते : मार्क्सवाद, गांधीवाद. अल्कोहोलिझमला आपण मद्यवाद म्हणत नाही, दारूचं व्यसन म्हणतो. मी 'परिपूर्णतेचा अट्टहास' लिहीन.

दोडामार्गकर
अट्टहास हा मजेशीर शब्द आहे. संस्कृतात त्याचा अर्थ मोठ्याने हसणं. मराठीत तो खटाटोप झाला, आणि 'याजसाठी केला होता अट्टहास, शेवटचा दिस गोड व्हावा' म्हणताना तुकोबांना त्या खटाटोपाबद्दल काहीही वाईट म्हणायचं नाही. आज मात्र 'कशाला एवढा अट्टहास?' यात नापसंतीच ऐकू येते. म्हणून इथे चालेल.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडचे जवळचे शब्द सगळे कौतुकाचे : काटेकोर, टापटीप, चोखंदळ. रामदासांनी प्रपंचसुद्धा 'नेटका' करायला सांगितला. आमिर खानला 'मिस्टर परफेक्शनिस्ट' म्हणतात ते कौतुकानेच, आणि नोकरीच्या मुलाखतीत 'तुमचा दोष सांगा' म्हटलं की उमेदवार 'मी परफेक्शनिस्ट आहे' असं सांगून मोकळा होतो. त्या मुलीला वाटेल, माझ्या गुणालाच हे औषध द्यायला निघाले.

उंबरठा
दोडामार्गकरांनी नेमकं बोट ठेवलं. मी समुपदेशन करते, आणि पहिल्या भेटीत हीच भीती समोर येते : "मॅडम, हे कमी केलं तर माझे मार्क जातील."

शफरान, कूपर आणि फेअरबर्न या मानसशास्त्रातल्या संशोधकांनी २००२ साली उपचारांच्या दृष्टीने या दुखण्याची व्याख्या मांडली. त्यात उंच ध्येय हा दोष धरलेलाच नाही. माणसाने स्वतःची सगळी किंमत त्या ध्येयाला टांगली आणि झोप, तब्येत, मैत्री गेली तरी दोर सोडला नाही, तर तो त्रास. त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली, ती मला रोज दिसते : ध्येय गाठलं की ते 'सोपंच होतं' ठरतं आणि पट्टी वर सरकते. ९७ टक्के मिळालेल्या मुलाशी बोलून बघा. तो हरवलेल्या तिनाबद्दल बोलेल.

आणि हे हवेत घडत नाही. २०२५ च्या दहावीच्या निकालात राज्यातल्या २११ मुलांना १०० टक्के होते, त्यातले ११३ एकट्या लातूर विभागातले. कला-क्रीडेचे सवलतीचे गुण धरून का होईना, शंभर ही आकडा म्हणून दिसणारी गोष्ट झाली. मग ९७ वाल्याला आपण उणे वाटणारच.

मराठीपुरतं सांगायचं तर या दुखण्याचं मूळ एका अक्षरात आहे : 'च'. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने १९५५ च्या सुमारास जी उपचारपद्धती सुरू केली, तिला आपल्याकडे विवेकनिष्ठ म्हणतात. तिचा गाभाच हा, की इच्छा त्रास देत नाही, इच्छेचा हुकूम झाला की त्रास सुरू होतो. 'मला मेडिकलला जायचंय' आणि 'मला मेडिकल मिळालंच पाहिजे' ही दोन वाक्यं फळ्यावर लिहून मी मुलांना पहिल्यात 'फार' घालायला सांगते. 'मला मेडिकलला फार जायचंय.' इच्छा हवी तेवढी वाढवा, अभ्यासही वाढवा, फक्त 'च' काढा. मार्क जाण्याची भीती इथे जरा ओसरते.

बोलणं झालं की करून बघणं येतं. प्रोजेक्ट तीनदा तपासणाऱ्याने एकदाच तपासून द्यायचा. मेसेजमध्ये मुद्दाम एक चूक ठेवून पाठवायचा. आधी लिहून ठेवायचं, 'सगळे हसतील', आणि मग खरंच काय झालं ते शेजारी लिहायचं. बहुतेकदा कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं. उपचारातला हा भाग मुलांना सर्वांत जड जातो आणि सर्वांत उपयोगीही पडतो.

शुद्धलेखनी
म्हणजे 'परिपूर्णतेचा' हा शब्दच चुकतो की! दुखणं परिपूर्णतेत नाही. 'चूक चालणारच नाही'चा अट्टहास?

उंबरठा
शीर्षकाला तेच घ्या. मात्र त्यात घरच्यांचा वाटा दिसत नाही. ह्युइट आणि फ्लेट यांनी १९९१ साली याच्या तीन दिशा सांगितल्या : मी स्वतःकडून मागतो, मी इतरांकडून मागतो, आणि इतर माझ्याकडून मागतात असं मला वाटतं. करन आणि हिल यांनी १९८९ ते २०१६ या काळातल्या अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या कॉलेजच्या मुलांची माहिती एकत्र केली, तेव्हा तिन्ही वाढलेल्या दिसल्या, पण तिसरी सर्वांत जास्त. तिला मराठीत आधीपासून नाव आहे : 'लोक काय म्हणतील'. पत्रकात ते जसंच्या तसं लिहा.

पाटीपेन्सिल
छान. आता काळजी की चिंता?

दोडामार्गकर
काळजी नको. 'आई माझी काळजी करते' आणि 'आई माझी काळजी घेते' या दोन्हींत शब्द तोच, त्यामुळे काळजी कमी करा म्हटलं की प्रेम कमी करा असं ऐकू येतं. शिवाय काळजीला बहुधा कारण असतं. पोट ढवळणं, हाताला घाम, रात्री तीनला जाग, हे सगळं 'धास्ती'त बसतं. 'परीक्षेची धास्ती घेतलीय' हे कुणालाही कळतं.

उंबरठा
धास्ती उत्तम. निदानाचं नाव म्हणून 'चिंताविकार' रूढ आहे, तो एकदाच येऊ द्या, नाहीतर प्रत्येक मुलगा स्वतःला विकार चिकटवील. मुलं स्वतः 'टेन्शन' म्हणतात, तेही ठेवा. तळाशी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या, मराठीतही बोलता येतं.

पाटीपेन्सिल
एक राहिलं. प्रोक्रॅस्टिनेशनला 'टाळाटाळ' लिहिलंय.

शुद्धलेखनी
टाळाटाळ कामचुकार करतो. 'चालढकल' घ्या.

उंबरठा
तीही शिवीच वाटेल. हा मुलगा चार तास वहीसमोर बसलेला असतो, पहिलं वाक्य मनासारखं येत नाही म्हणून. 'सुरुवातच न होणं' लिहा.