बाकावरचा अर्धा तास

सचिव: सर्व सभासदांना नमस्कार. तळमजल्यावर पार्किंगलगत असलेल्या बाकावर आठवी ते दहावीची मुले-मुली रात्री साडेआठनंतर जमतात आणि त्यांच्या बोलण्या-हसण्याचा त्रास होतो, अशी लेखी तक्रार कार्यालयात आली आहे. रात्री आठनंतर तेथे बसण्यास मनाई करावी, असा ठराव रविवारच्या कार्यकारिणीच्या बैठकीत मांडला जाणार आहे. त्याआधी सभासदांनी आपली मते येथे नोंदवावीत, ही विनंती.

ए-१०२: तक्रार माझीच आहे, म्हणून मीच आधी लिहिते. सासूबाई रात्रीचे औषध घेऊन नऊच्या सुमारास झोपतात आणि त्यांच्या खोलीची खिडकी नेमकी त्या बाकाच्या वर येते. मुलांविषयी माझ्या मनात कसलाही आकस नाही. मात्र ही मुले एकाच शाळेत जातात, दिवसभर एकत्र असतात, मग रात्री पुन्हा भेटून बोलण्यासारखे काय उरते, हे मला खरोखर समजत नाही.

बी-३०४: ताई, आजींची झोप मोडू नये याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मात्र द्यावेसे वाटते, कारण माध्यमिक शाळेत मी गेली १९ वर्षे शिकवते आहे. शाळेत मुले एकत्र असतात हे खरे, पण एकमेकांच्या वाट्याला ती फार थोडी येतात. ३५ मिनिटांचे आठ तास, त्यात शेजाऱ्याशी बोलणे हा गुन्हा, आणि बसण्याची जागाही आम्हीच ठरवून दिलेली. छोटी सुट्टी पाण्याच्या नळापाशी रांगेत संपते. मोठ्या सुट्टीत निम्मी मुले अपुरी वही पूर्ण करत असतात. नववीत तुकड्या नव्याने पाडल्या की दोन जिवलग मैत्रिणी वेगवेगळ्या वर्गांत जातात आणि वर्षभर जिन्याच्या वळणावर दोन-दोन मिनिटे भेटत राहतात. गेल्या वर्षी माझ्या वर्गात अशीच एक मुलगी होती. मोठ्या सुट्टीत ती वाचनालयाचे पुस्तक उघडून बसायची आणि मी बराच वेळ तिला वाचनाची आवड आहे असेच समजत होते. एके दिवशी माझ्या लक्षात आले की घंटा होईपर्यंत पान एकदाही उलटलेले नाही. कोणाजवळ जाऊन बसावे हे न कळल्यामुळे ते पुस्तक तिच्या हातात होते. या वयात मित्रमैत्रिणींच्या घोळक्यात आपल्याला जागा आहे की नाही, या प्रश्नापुढे गणिताचा पेपरही लहान वाटतो. ज्यांना ती जागा शाळेत मिळत नाही, त्यांना ती इथे बाकावर मिळत असेल, तर आपण ती काढून घेऊ नये असे मला मनापासून वाटते.

सी-२०१: मॅडम, आपले म्हणणे पटते, पण माझी काळजी वेगळी आहे. माझा मुलगा नववीत आहे. शाळा सातला भरते, म्हणून तो पावणेसहाला उठतो आणि रात्री साडेअकराच्या आधी झोपत नाही. झोपेच्या विकारांवर काम करणाऱ्या अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेने १३ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी रोज ८ ते १० तासांची झोप सांगितली आहे. याला सहा तासही धड मिळत नाहीत. अशा वेळी रात्रीच्या गप्पांना आपण मुभा का द्यावी?

बी-३०४: दादा, झोपेची काळजी अगदी रास्त आहे, पण तिचा दोष बाकाकडे जात नाही. वयात येताना शरीराचे घड्याळच पुढे सरकते आणि झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे लवकर अंथरुणावर पाठवलेला मुलगाही डोळे उघडे ठेवून पडून राहतो. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये अशी शिफारस केली की या वयाच्या मुलांची शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरू नये. कॅलिफोर्नियात २०२२ पासून हायस्कूलसाठी तसा कायदाच लागू झाला. सिॲटल शहरात २०१६ मध्ये हायस्कूलची वेळ ७:५० वरून ८:४५ वर नेली, तेव्हा संशोधकांनी केलेल्या मोजणीत मुलांची झोप रोज सरासरी अर्ध्या तासाहून अधिक वाढलेली दिसली. आपल्या मुलांच्या शाळेची वेळ या ग्रुपवर ठरणार नाही. मात्र बाक बंद केला तर हेच बोलणे पांघरुणाखाली, फोनच्या पडद्यावर, साडेबारापर्यंत चालेल, याची मला खात्री आहे, कारण पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलांना कारण विचारले की तेच कानावर येते.

आणखी एक गोष्ट पालकांनी विचारात घ्यावी. २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग या संशोधकांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना गाडी चालवण्याचा संगणकीय खेळ दिला होता. सोबतीला मित्र असताना किशोरवयीन मुलांनी एकट्याने खेळतानापेक्षा कितीतरी अधिक धोका पत्करला, मोठ्यांच्या खेळात मात्र फारसा फरक पडला नाही. मुले एकत्र येणार हे गृहीतच धरले पाहिजे. मग ती आपल्या खिडक्यांसमोर बसलेली बरी की आपल्याला ठाऊक नसलेल्या ठिकाणी?

बी-६०२: मी दहावीत आहे आणि आईच्या परवानगीने तिच्या फोनवरून लिहीत आहे. काकू, आजींना आमचा आवाज जातो हे आम्हाला माहीत नव्हते, तरी चूक आमची आहे आणि मी सगळ्यांच्या वतीने आपली क्षमा मागते. आम्ही काय बोलतो, असे आपण विचारले आहे. प्रकल्पासाठी गट पाडताना कोणाला कोणीच घेतले नाही, कोण कोणावर रुसले, सराव परीक्षेत कोणाला किती गुण पडले, असे सगळे बोलतो. मागच्या आठवड्यात आमच्यातल्या एकाला गुण फार कमी पडले होते आणि घरी सांगायची त्याची हिंमत होत नव्हती. तेव्हा काय आणि कसे सांगायचे हे आम्ही त्याच्याकडून दोनदा म्हणून घेतले आणि मग तो वर गेला. दुपारी शाळेतून आल्यावर गृहपाठ असतो, चार ते आठ क्लास असतो, त्यामुळे कोणी काही न शिकवता आम्ही एकत्र असतो तो दिवसातला एवढाच वेळ आहे. पंपरूमजवळच्या पायऱ्यांवर बसलो तर चालेल का? सव्वानऊला आम्ही नक्की उठू.

ए-१०२: बाळा, तू स्वतः लिहिलेस हे फार बरे केलेस. त्या मुलाने घरी सांगितले का, ते मला नंतर कळव. सचिव महोदय, मनाईची मागणी मी मागे घेते, परंतु नऊनंतर खिडकीखाली आवाज नको हे माझे म्हणणे कायम आहे.

सी-२०१: सव्वानऊची वेळ पाळली जाणार असेल तर माझी हरकत नाही. मुलाचा फोन रात्री दहानंतर बाहेरच्या खोलीत ठेवायचा, असे आम्ही घरी ठरवत आहोत. माझाही तिथेच राहील.

सचिव: सर्वांच्या मतांची नोंद घेतली आहे. मनाईऐवजी बाक पंपरूमच्या भिंतीलगत हलवावा आणि मुलांनी तेथे सव्वानऊपर्यंत बसावे, असा दुरुस्त ठराव रविवारी मांडीन. त्या बाजूचा दिवा सध्या नऊला बंद होतो. त्याची वेळ साडेनऊपर्यंत वाढवण्यास इलेक्ट्रिशियनला आजच सांगितले आहे.