जुन्या निगेटिव्हना बुरशी लागली आहे. धुवाव्यात की स्कॅन कराव्यात?

निपाणीकर (प्रश्न):
१९७८ साली दहावी झाल्यावर मामांनी मला आग्फा क्लिक थ्री कॅमेरा दिला आणि तेव्हापासून लागलेला फोटोंचा नाद आजतागायत सुटलेला नाही. एका रोलमध्ये बाराच चौकोनी फोटो निघत, त्यामुळे बटण दाबण्याआधी दहा वेळा विचार करावा लागे. पोटासाठी तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिले. फोटोंवर एक रुपया मिळवला नाही, तशी इच्छाही झाली नाही. गेल्या आठवड्यात माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली, तर हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिराच्या निगेटिव्हवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी दिसली. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथांच्या पाकिटाला तर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. एक परिचित म्हणतात, पाण्याने धुवा. जाणकारांनी सांगावे.

घटप्रभा:
पाण्याला हात लावू नका. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरातच असते. बुरशी तोच थर खाते व खाल्लेला भाग पाण्यात विरघळतो, म्हणजे बुरशीबरोबर चित्रही निघून जाते. अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन हलक्या हाताने पुसावे, तेही आधी एका बिनमहत्त्वाच्या तुकड्यावर करून पाहावे. आंबट वासाचे पाकीट मात्र आजच वेगळे काढा. ॲसिटेटची, म्हणजे जुन्या प्लास्टिकच्या फिल्मची, पट्टी कुजू लागली की तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटते, त्याने कुजणे आणखी वेगाने होते आणि शेजारच्या फिल्मलाही बाधा पोहोचते. हे थांबत नाही, फक्त मंदावते. म्हणून स्कॅनिंगची सुरुवात त्याच पाकिटापासून करावी. माळा ही घरातली सर्वांत तापणारी जागा, तिथे पेटी पुन्हा ठेवू नये.

जांबोटीचा पाऊस:
आमच्या खानापूर तालुक्यात जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, त्यामुळे सिलिका जेलशिवाय पर्याय नाही. मात्र सगळे रोल बारकाईने स्कॅन करण्याच्या मी विरोधात आहे. माणूस तिसऱ्या महिन्यात कंटाळतो. प्रकाशपेटीवर पट्ट्या मांडून मोबाइलने एकेक फोटो घ्यावा, रंग उलटे करून पाहावे आणि त्यांतून निवडक तेवढे मॅक्रो भिंगाने नीट टिपावेत. कडेची अक्षरे उलटी दिसली तर पट्टी पालथी आहे, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

शहापूर पेठ:
वरील सूचना योग्यच आहेत, परंतु फोटो कोणाचा, कुठला आणि केव्हाचा हे आत्ताच लिहून काढा. आमच्या वडिलांनी निगेटिव्ह जपल्या, नोंद एकही ठेवली नाही. आज आमच्याकडे एका लग्नाचे सगळे फोटो आहेत आणि नवरी कोण हे घरात कोणालाच ठाऊक नाही. साल आठवत नसेल तर चौकटीतली वाहने पाहा. नंबरपाटीवर केए २२ किंवा केए २३ अशी कर्नाटकाच्या नव्या पद्धतीची अक्षरे असतील, तर तो फोटो १९८९ च्या आधीचा असू शकत नाही. दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत, यावरूनही बराच अंदाज बांधता येतो. या भागात तरी तो सहसा चुकत नाही.

निपाणीकर:
सर्वांचे आभार. काल आंबट पाकीट उघडले. पट्ट्या वळून नळीसारख्या झाल्या होत्या आणि चार चौकटींवरचा थर दुधावरच्या सायीसारखा सुटून आला. उरलेल्या आठ मोबाइलने टिपल्या. त्यांतल्या एका चित्ररथामागे जीप उभी आहे, पण तिची पाटी नेमकी एका मुलाच्या फेट्याआड गेली आहे. नोंदवहीत त्या फोटोपुढे सालाची जागा मोकळी ठेवली आहे. थोरल्या भावाला विचारून भरीन.