तोड्याच्या बंदुकीसाठी पेटी

अमळनेरहून पुण्याच्या प्रदर्शनाला तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने बार उडवायची जुनी बंदूक पाठवायची, तर प्लायच्या पेटीत थर्माकोल भरावा का, असं एकाने विचारलंय. नकोच. थर्माकोल एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, परतीच्या वाटेवर बंदूक आत खडखडते. घट्ट ईपीई फोम (पॉलिथिनचा, दबून पुन्हा फुगणारा) घ्या. पण वजन पेलायचं काम फोमवर सोडू नका. भार असतो लांब नळीचा. तिच्याखाली दोन आणि दस्त्याखाली एक, असे प्लायचे खाच पाडलेले आधार कापून त्यांना फोम चिकटवा. वरूनही तसेच. चापावर मात्र कशाचाही दाब नको.

पेटी १२ मिमी प्लायची पुरे. सातपुड्याचं सागवान वापरायची हौस असते आपल्याकडे, पण उगाच वजन वाढतं. झाकणाला खिळे नकोत, नट-बोल्ट लावा. खिळ्यांची भोकं दोन-चार उघडझापीत सैल होतात. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आत लावू नका, लोखंड गंजतं.

आणि हो, अशा जुन्या ठासणीच्या (तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या) बंदुकीच्या नळीत कधीकधी भरलेला बार तसाच राहिलेला असतो. आधी परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडून तपासून घ्या, मगच सुताराला माप द्या. कागदपत्रांचं पोलीस ठाण्यात विचारा.